अक्षराचा धोंडा

रेवदंड्याला एसटी तटातूनच आत शिरते.
"जुनं शहर कुठंशी आलं?"
कंडक्टर सुटे मोजत म्हणाला, "उतरा, हेच."

हेच म्हणजे पोफळी.
पोफळींच्या सावलीत आणखी पोफळी,
मध्येच एक कमान,
जिला आत नाही नि बाहेरही नाही,
तिच्यावर कुणी जाळं वाळत घातलेलं.

सातखणी मनोरा पाहिला.
खण चारच उरलेत.
नाव मात्र अजून सातही चढून जातं.
वरच्या तीन खणांत, जे हवेत आहेत,
दोन घारी फिरत होत्या.

चौलला चालत गेलो, हमामखान्यापर्यंत.
छताच्या भोकातून पडलेल्या उन्हाच्या चकतीत
एक शेळी बसलेली, रवंथ करत.
चकती सरकली की तीही उठून सरकायची.
मी बराच वेळ तेच बघत राहिलो.
इतिहासाची पाटी वाचायची राहूनच गेली.

परतताना तहान लागली म्हणून एका वाडीत शिरलो.
द्वारकाबाई राऊत विहिरीवर धुणं धूत होत्या.
तांब्या भरून दिला, मग म्हणाल्या,
"शिकलेले दिसता. हा आमचा अक्षराचा धोंडा.
सासूबायच्या आधीपासून हितंच हाय.
काय लिवलंय तेच्यावर?"

मी शिकलेला नाही.
मी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले,
लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं,
आणि काळ्या चौकटीतले मजकूर.
अक्षर मला उलटं दिसलं तरच ओळखीचं वाटतं;
सरळ दिसलं की परकं.

ओणवा झालो. बोट फिरवलं.
खाचांत साबण साचलेला, निळसर, घट्ट.
भाषा पोर्तुगीज असावी, मला काही कळेना.
पण निधनाच्या मजकुराला भाषा लागत नाही.
त्याची एक मांडणी असते:
वर मोठ्या टाइपात एकच ओळ, मोकळी,
खाली बारीक, दाटीवाटीनं, घरच्यांची घाई,
शेवटी साल.
एक, सहा,
पुढचे दोन आकडे कपड्यांनी खाल्लेले.

"नाव आहे," मी म्हणालो. "कुणाचं तरी."
"मयताचं?"
मी खोटं बोलू शकलो असतो.
एखादी देणगी, एखादा पाया घातल्याचा दिवस.
"हो. थडग्यावरचा असावा."

रहाट थांबलेला. पाटातलं पाणी तेवढं
एकेका पोफळीशी जाऊन वळत होतं.
पिळलेला परकर त्यांच्या हातात तसाच.
"बाई की बाप्या?"
"ते झिजलंय."
"म्हंजे मीच झिजवलं."

यावर काय बोलायचं असतं
हे चाळीस वर्षांत एकाही मजकुरात आलं नव्हतं.

त्यांनी चांगलं पाणी शेंदलं, दोन बादल्या,
धोंडा नारळाच्या काथ्यानं घासला,
केसातली पिन काढून खाचांतला साबण उकरला,
नखानं काढावं तसं, एकेका अक्षरातून.
मी एम दाखवला, आर दाखवला.
"हा आमच्या दाराच्या कडीगत दिसतो," म्हणाल्या,
आणि हसल्या, आणि लगेच तोंडावर पदर धरला.

मला वाटलं, आता धोंडा हलवतील,
फूल वाहतील, निदान हात जोडतील.
पण धुणं अर्धं राहिलेलं,
मुलगा तीनच्या गाडीनं अलिबागहून यायचा,
त्याचा शर्ट ओलाच होता.
त्यांनी शर्ट धोंड्यावर पसरला.
आपटला नाही.
चोळला, हलक्या हातानं,
तापातल्या माणसाची पाठ पुसावी तसा.

खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर उन्हात पांढुरका झालेला.
स्टँडवर सुक्या जवळ्याचा वास.
गाडीत बसल्यावर तर्जनी पाहिली:
टोकाला साबण, आणि कातडीवर दाबून उमटलेला
एक अर्धा आर,
उलटा.
पहिल्यांदाच नीट वाचता आला.