लिंबाची फोड

लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला निघताना
हिने फ्रिजवर कागद चिकटवला,
जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर, निळ्या पेनाने:
हिरवी घासणी ओट्याला लावायची नाही.
कोमट पाणी, साबणाचा एकच थेंब, मग कोरडं फडकं.
कुकर चुंबळीवर.
आणि खाली दोन रेघा मारून:
आंबट काहीही असो, ताटात.

पांढरा संगमरवर हा हिचाच हट्ट.
मी ग्रॅनाइट म्हणत होतो, काळा, बिनबोभाट,
राजारामपुरीत घरोघरी असतो तसा.
ही म्हणाली, माहेरी कडाप्प्यावर लाटलं,
सासरी पाटावर,
आता मला गार दगड हवा,
सांडलेलं पीठ दिसणार नाही असा.

रविवारी पांढरा रस्सा केला.
जमला म्हणायचा. नारळाचं दूध फुटलं नाही.
कांदा चिरला, वर लिंबू पिळलं,
अर्धी फोड पालथी राहिली ओट्यावर
रात्रभर.

सकाळी तिथे एक गोल.
रुपयाएवढा. रंग नाही, ओल नाही,
फक्त तेवढ्या जागेत
खिडकी दिसायची बंद झालेली.

तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये
उसाच्या रसात चुना किती घालायचा
हे मी सांगत होतो.
आंबटाला चुना मारतो, चुन्याला आंबट खातं,
आणि संगमरवर म्हणजे दुसरं असतं काय?
एवढं सगळं शिक्षण
त्या फोडीखाली झाकून राहिलं.

शेजारचे इंगवले म्हणाले, व्हिनेगर लावा, सगळं जातं.
लावलं.
गोलाला शेपूट फुटलं.

मग कावळा नाक्यावरून दिलावर मिस्त्री आले,
स्प्लेंडरच्या हँडलला पॅडची पिशवी.
गोलाकडे बघितलंच नाही.
ओट्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला
आणि चहा मागितला.
चहा संपेस्तोवर थेंबाखालचा दगड काळवंडला.
‘पितोय बघा. सीलर कवा मारलाता?’
मला आठवेना. हिला आठवलं असतं.

गॅसजवळचा हळदीचा पट्टा त्यांनी बोटाने चाचपला.
‘ह्यो डाग हाय. आत शिरलाय, भाईर काढता येतो.’
सोड्याचा लगदा थापला, वर प्लॅस्टिक चिकटवलं,
गळवावर पोटीस बांधतात तसं.
‘उद्या सांच्यापतूर हात लावू नगा.’

मग गोलावर बोट.
‘ह्यो डाग न्हाई, काका. चावा हाय.
हितं आत कायबी ग्येलं न्हाई. हितलंच ग्येलंय.
ग्येल्यालं कुठनं आणू?
भोवतीचं उतरवायचं, त्याच्या बरोबरीला न्यायचं,
येवढंच.’

ओल्या पॅडने तासभर घासत राहिले.
पांढरं पाणी ओट्यावरून सिंककडे वाहिलं,
हुबेहूब रस्सा.
दगडच होता तो.
मी नळ सोडला आणि दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या संध्याकाळी पोपडा निघाला,
हळद सगळी त्याच्या पोटाला.
मग सीलर, दोन हात, मऊ कापडाने.
गोलात खिडकी परत आली,
जरा पाण्यात बघावी तशी.

तेव्हापासून सकाळी एक थेंब ठेवतो
आणि चहा उकळेपर्यंत उभा राहतो.
थेंब मण्यासारखा तसाच बसून असतो.
पुसून टाकतो. कोरडं फडकं.
हे कागदावर नव्हतं.

सव्वा महिन्याने ही आली.
पिशव्या दारातच, नातीचे फोटो आधी,
नाक कुणाचं, कपाळ कुणाचं,
मोबाइल एका हातात,
दुसरा सहज ओट्यावरून फिरत निघालेला.
नजर फोटोवरच होती.
तळहात थांबला.

‘इथे काय झालं?’

‘रस्सा चांगला झाला होता,’ मी म्हणालो.

हिने बोटाच्या टोकाने तो खळगा
एकदा मोजल्यासारखा फिरून बघितला,
परात आणून नेमकी तिथेच ठेवली,
आणि म्हणाली,
पीठ द्या.