नडगीची लांबी

बोतुकातूला सकाळी निलगिरीचा वास येतो
आणि माझ्या हातांना लाकडाच्या भुशाचा.
बावीस वर्षं झाली, उंदीर सांभाळते.
पांढरे, लाल डोळ्यांचे, सगळे एका घराण्यातले.
नाव कुणालाच नाही, कानाला खूण आहे.

फेब्रुवारीत डॉक्टर नोएमिया यादी घेऊन आली:
आटवलेलं दूध, क्रीमची बिस्किटं, मोर्तादेला,
मक्याचे तळलेले तुकडे, पाण्यात साखर.
मी वाचलं आणि हसले,
"बाई, हा तर माझा रविवार."
ती हसली नाही.
"म्हणूनच, इरासी," म्हणाली.

वीस आठवडे मी वाट्या भरल्या.
पिंजऱ्याचं दार वाजलं की ते उभे राहायचे
मागच्या पायांवर, जावई जेवायला बसावा तसे तयार.
अंगाला गोलाई आली, पाठीवरचे केस तेलकट झाले,
उचलताना तळहातात पाण्याची पिशवी उचलल्यासारखं वाटू लागलं.

जुलैत त्यांना झोपवून छाती भादरली.
थंड मलम, वर यंत्राची पेन्सिल.
पडद्यावर शेंगदाण्याएवढं काहीतरी
मिनिटाला साडेतीनशे वेळा घाई करत होतं.
नोएमिया म्हणाली, "भिंत जाड झालीय."

हेच वाक्य वाल्देमीरला सांगितलं होतं
सरकारी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरने.
माझा नवरा गवंडी. त्याला पटेना.
"जन्मभर भिंती बांधल्या," म्हणाला,
"जाड भिंत वाईट असते, हे आजच ऐकतोय."

मग अर्ध्या पिंजऱ्यांचं खाणं बदललं.
वाटीत फक्त कोरड्या, तपकिरी कांड्या,
पाणी नुसतं पाणी.
त्यांनी हुंगलं. पायाने कांडी उलटी करून पाहिली,
जणू खालच्या बाजूला दूध असेल.
मग माझ्याकडे पाठ केली.
शेजारच्या पिंजऱ्यात मोर्तादेला चालूच होता,
आणि वास काही जाळीला जुमानत नाही.

तीन दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नाही.
मी वहीत ग्रॅम लिहीत होते: दोन, तीन, दोन.
अक्षर माझं, उपास त्यांचा.
चौथ्या दिवशी, दिवे मालवता मालवता
कुरतडण्याचा आवाज आला,
एकट्याचा, नाखुशीचा.

त्याच संध्याकाळी उरलेला दुधाचा डबा
मी भांडारात उभ्याउभ्या चमच्याने संपवला.
हे वहीत नाही.

घरी मी बिनसॉसेजचा घेवडा शिजवते, उकडलेला कसावा.
वाल्देमीर ताटाला नाही, भिंतीला बघत जेवतो.
त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, ओळंब्याशेजारी,
मला बिस्किटांचा पुडा सापडला.
जागच्या जागी ठेवला.
कुणी कुणाला बोलायचं?

सप्टेंबरात शेवटचा दिवस आला.
मी त्या दिवशी रेडिओ लावत नाही.
हृदय तोलायचं, मग पायाचं हाड काढून मोजायचं:
नडगी, मिलिमीटरमध्ये,
आणि हृदयाला त्या लांबीने भागायचं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, हाड कशाला?
नोएमिया हातमोजे काढत म्हणाली,
"शरीराचं वजन आज एक, उद्या एक.
नडगी वाढायची तेवढी वाढली की थांबते.
कितीही खा, ती फुगत नाही. कितीही उपाशी राहा, आटत नाही."

"मग? भिंत उतरली?"
"बरीच."
काचपट्टीवर तिने लाल रंगाचे धागे दाखवले,
मांसाच्या मधून मधून, व्रणासारखे.
"हे मात्र राहिलेत. कमी, पण राहिलेत."
आणि खिडकी उघडली. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

रात्री पांघरूण सरळ करताना
हात वाल्देमीरच्या नडगीला लागला.
विटांनी, शिड्यांनी चेमटलेली, वर पातळ कातडी.
अंधारातच मी वीत लावली,
गुडघ्यापासून घोट्यापर्यंत: दोन, आणि वर चार बोटं.
"काय मोजतेस?" तो झोपेतच म्हणाला.
"काही नाही," म्हटलं. "पाय गार पडलेत तुझे."