लागेबांधे

फॉर्मवर जागा दोनच ओळींची:
रिसीव्हरचे कोणाही पक्षकाराशी, धनकोशी,
त्यांच्या वकिलांशी असलेले सर्व संबंध.
नसल्यास 'नाहीत' असे लिहावे.

कार्लीन रुओहोनेन पेनाचं टोपण चावते.
सुपीरियर सरोवराच्या या काठावर
हिवाळ्यात गाव इतकं आक्रसतं
की 'नाहीत' लिहायला
माणूस परगावचा तरी हवा, नाहीतर खोटा.

आधी तिने हिशेबनीसाला पकडलं.
त्याला नेमणार ती, ताशी एकशे दहा डॉलरने,
आणि पैसे जाणार धनकोंच्या वाट्यातून,
म्हणजे 'टेर्वो अँड सन्स, धुरावलेले मासे'
यांच्या भट्टीत उरलेल्या राखेतून.
वॉल्टर सिमिचने 'नाहीत' लिहून
सहीसुद्धा ठोकली होती.
"आणि दर नाताळला तुझ्याकडे येतो तो ट्राउट?"
"तो? तो तर सगळ्यांनाच येतो."
"मग सगळ्यांनीच लिहायचं. तू तुझ्यापुरतं लिही."
त्याने लिहिलं: अंदाजे दोन पौंड, वर्षातून एकदा,
सत्तावीस वर्षं. बायको त्याचं सूप करते.
शेवटचं वाक्य तिने खोडलं नाही.

बोटींचं मोल ठरवणारा मुद्दाम लांबून बोलावला,
दुलुथहून, दीडशे मैल बर्फातून.
त्याचाही मेहुणा बँकेत निघाला.
लिहिलं.

मग रात्री स्वतःचा कागद.
कायदा मागे वळून पाहतो फक्त पाच वर्षं,
त्यापलीकडचं त्याला ऐकायचं नसतं.
त्यापलीकडे ती सोळाची,
उन्हाळाभर त्या शेडमध्ये मासे गुंडाळणारी,
केसांत मेपलचा धूर
शाळा सुरू झाली तरी न जाणारा.
ऑगस्टात वडिलांची बोट परत आली.
नुसती बोट.
ती आठवडाभर कामाला गेली नाही.
शनिवारी ब्रूनो टेर्वो दारात उभा, टोपी काढून,
पाकिटात पूर्ण आठवड्याचा पगार.
कोणी काही बोललं नाही.
आईने पाकीट पिठाच्या डब्यामागे सरकवलं.

ही भेट, की उसने, की मजुरी?
तिन्ही रकान्यांत बसेना.
या फॉर्मवर ऋण एका पानावर आहे
आणि बंध दुसऱ्या.
शेवटी समासात लिहिलं, बारीक अक्षरात:
'न केलेल्या कामाचे बेचाळीस डॉलर.
फेडलेले नाहीत.'

सोमवारी न्यायाधीशबाईंनी ते वाचलं,
चष्म्यावरून एकदा पाहिलं.
कोणाची हरकत?
बँकेच्या वकिलाने पान उलटलं.
रेडिएटर ठकठकला.
नियुक्ती कायम.

दुपारी ती नवं कुलूप घेऊन शेडवर गेली.
ब्रूनो, एक्याऐंशीचा, किल्ल्यांचा जुडगा धरून,
उंबऱ्याच्या आत की बाहेर हे न ठरवता उभा.
"वाचलं मी," म्हणाला. "बाकी सगळं बरोबर आहे.
आकडा तेवढा चुकलाय. अठ्ठेचाळीस होते.
त्या आठवड्यात मी सगळ्यांचाच पगार वाढवला होता."

तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं,
पुन्हा एकदा ओढून पाहिलं.
मग गाडीत, हीटर तापायची वाट बघत,
मांडीवर कोरा कागद घेतला:
पूरक प्रतिज्ञापत्र, क्रमांक एक.