पासंग

नारीन नदीच्या पुलाला, तिसऱ्या खांबावर,
पत्र्याची एक पेटी आहे, पावाच्या लादीएवढी.
आत नखाएवढी चिप.
तिनं तासातासाला पाणी मोजायचं
आणि तारेवरून चौकीला कळवायचं,
एवढीच तिची नोकरी.

ऑक्टोबरभर तिनं नीट कळवलं.
मग पारा उणे वीसच्या खाली गेला
आणि चौकीच्या पडद्यावर आकड्यांच्या जागी
चौकोन, प्रश्नचिन्हं,
एका पहाटे तर नुसताच एक स्वल्पविराम.
चौकीदार म्हणाला, नदी बरळायला लागली.
बुबुसायरा म्हणाली, नदी नाही. घड्याळ.

या घड्याळाला काटे नसतात.
क्वार्ट्झचा खडाही नव्हता या खेपेला;
दूरच्या कुठल्या कचेरीत कुणीतरी
खड्यामागे चार पैसे वाचवले होते.
पोटात नुसतं भरायचं, रितं व्हायचं,
घटिकापात्रासारखं,
फक्त सेकंदाला ऐंशी लाख वेळा.

कारखान्यातून येतानाच शंभरात दोन मागे,
थंडीचे आणखी तीन.
माणसामाणसांत शंभरात पाच खपून जातात,
आपण मागे राहिलेल्यासाठी थांबतो,
अर्धं वाक्य समजून घेतो.
तार थांबत नाही.
पहिला ठोका जुळतो, दुसरा जुळतो,
आठव्यापाशी पोचता पोचता
बोलणाऱ्याचा हो
ऐकणाऱ्याच्या नाहीत जाऊन पडतो.

तिनं बाजारातून भिंतीवरचं घड्याळ आणलं,
प्लॅस्टिकचं, तबकडीवर हरणाचं चित्र.
पाठ उघडून खडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा,
आणि चिपशेजारी डाखला.
तोही थंडीत चुकतो,
पण लाखात आठ-नऊ.
साक्षीदार म्हणून चालण्यासारखा.

संध्याकाळी, शेगडीजवळ, चहा पीत
तिनं चिपच्या कानातला आकडा चढवत नेला.
एकशे चोपन्नवर मेळ बसला.
रात्री पुलावर नेऊन लावलं.
पुन्हा चौकोन.

ओसमोनअली जीपमधून उतरला नाही.
काच बोटभर खाली करून म्हणाला,
उन्हाळ्यात नाल ठोकायचे
आणि बर्फावर घोडा घसरला की घोड्याला शिव्या द्यायच्या,
आमच्यात असं करत नाहीत बाई.

ती काही बोलली नाही.
बोर्ड जीपच्या बॉनेटवर ठेवला, उघडा,
लॅपटॉप कोटाच्या आत, पोटाशी,
हातमोज्याचं एक बोट कात्रीनं कापलेलं.
एकशे सत्तावन्न. एकशे साठ.
एकशे एकसष्टला तो तीळभर मागे.
एकशे बासष्टला तीळभर पुढे.
आणि त्या दोघांच्या मध्ये
आकडाच नाही.

तराजूत पासंग घालावा
तर खडे दोनच, एक हलका, एक जड,
आणि दांडी काही केल्या सपाट होत नाही.
बराच वेळ ती त्या दांडीकडे बघत राहिली.
लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्क्यांवर आली.
जुलैत हाच पूल तापेल,
हाच आकडा तेव्हा पळत सुटेल,
तेव्हा इथे कोण उभं असेल कापलेलं बोट घेऊन?

मग तिनं आकडा ठरवायचं सोडूनच दिलं.
दाणा तिथेच राहू दिला, चिपच्या शेजारी,
आणि चार ओळी लिहिल्या:
बोलण्याआधी याला विचार.
जो खडा कमी चुकवेल तो घे.
मग बोल.
तासाभरानं पुन्हा विचार.

ओसमोनअलीनं इंजिन चालू केलं.
परतताना दोघांनी बोरसोक खाल्ले,
गार, कडक, तिच्या खिशात विसरलेले.

चौकीत हरणाचं घड्याळ अजून टांगलेलं आहे,
आतून पोकळ, चार वाजून दहा मिनिटांवर.
चौकीदार सवयीनं त्याच्याकडे बघतो,
मग पडद्याकडे.
पाणी: सत्त्याऐंशी सेंटीमीटर.
तो वहीत उतरवून घेतो,
आणि वेळेच्या रकान्यात, थोडा विचार करून,
पाच.