फूट आणि इंच

रात्री अडीचला दोन नळ्या आल्या,
एक जांभळ्या टोपणाची, एक पिवळ्या.
चिठ्ठीवर: मार्तंड खोपकर, वय एकाहत्तर,
हृदयविभाग, खाट नऊ.
नाव मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.
दांडिया बाजारात आमच्या खालच्या मजल्यावर
एकच मार्तंड राहतो.

परवा दुपारी झटका आला.
मनगटातून तार घालून शीर उघडली, जाळी बसवली,
पडद्यावर रक्त पुन्हा धावताना
मुलाला दाखवलंसुद्धा.
तो खाली येऊन आमच्या लॅबमध्ये
लीला चिवडा वाटून गेला.
सगळ्यांना वाटलं, पूर ओसरला.

खोपकरकाका असं कधी म्हणायचे नाहीत.
पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात.
विश्वामित्रीच्या पुलाला रंगवलेली पट्टी वाचायची,
पावसाळ्यात दर तासाला,
छत्री काखेत, बॅटरी दातांत,
आणि आकडा फोनवर सांगायचा.
"फूट आणि इंच. बाकी काही बोलायचं नाही.
आपला आवाज कापला की शहर भितं."
मी सातवीत असताना एकदा मला पुलावर नेलं.
"पाणी किती आहे हे सगळेच बघतात गं,
तासाभरात किती चढलं, ते विचार."
खाली गढूळ, निवांत पाणी. चार-दोन ओंडके.
त्यातला एक डोळे उघडून
सावकाश वळला.

सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत मी हातमोजे बदलते,
खरं तर बदलायचे नसतात.

न्यूट्रोफिल ब्याऐंशी. लिम्फोसाइट नऊ.
भागाकार मनातच होऊन जातो.
सीआरपी काल अठ्ठेचाळीस,
आज एकशे बारा.
मशीन चुकत असेल म्हणून पुन्हा लावली.
एकशे चौदा.

या पेशी काय करायला येतात, मला पाठ आहे.
पूर गेल्यावर गाळ उपसायला माणसं येतात, तशा.
मेलेला स्नायू उचलतात, धुऊन काढतात,
आणि कधी कधी उपसता उपसता
उभी भिंतही घेऊन जातात.

डॉक्टर झवेरी स्वतः खाली आले.
कागद दिव्याकडे धरून म्हणाले, "जुओ बेन,
असे शंभर पेशंट घेतले,
ज्यांचा आकडा जाळी बसल्यावरही असा चढतो,
त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय पुढं थकतं.
पायाला सूज, धाप, आणि पुन्हा इथंच."
"आणि बाकीचे?"
"बाकीचे दुकान उघडतात, नातवाला शाळेत सोडतात.
कोण कुठल्या बाजूला, ते यात लिहिलेलं नसतं."
कागदाची घडी घालून खिशात ठेवली
आणि जिन्यानं वर गेले, लिफ्ट उभी असताना.

सकाळचा नमुना घ्यायला मीच गेले. पाळी संपली होती.
काकांनी डावा हात पुढं केला.
"किती?"
आम्ही सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतात.
"फूट आणि इंच," ते म्हणाले.

मी सांगितलं.
"काल?"
तेही सांगितलं.
डोळे मिटून वजाबाकी केली, ओठ हलताना दिसले.
मग बराच वेळ खिडकीकडे.
"रात्रीच कळवायचं होतंस," म्हणाले,
रागावून नाही,
हाताखालच्या माणसाला सांगावं तसं.
"तुझा आवाज कापतोय पण."

उशाखालून एक जुनं वीजबिल काढलं,
माझ्याच खिशातलं पेन घेतलं,
बिलाच्या पाठीवर उभ्या रेघा मारल्या:
तारीख, वेळ, आकडा.
कालचं लिहिलं, आजचं लिहिलं.
मी दंडाला पट्टा बांधला.
शीर सापडेना, बोटानं चाचपत राहिले,
ते मात्र उजव्या हातानं खालच्या ओळीत
पुढच्या तारखा घालत होते,
आकड्यांची जागा मोकळी सोडून.

सुई आत गेली तेव्हा
ते रविवारपर्यंत पोचले होते.