वीस मिनिटं

सातपूरला मिसळीच्या भटारखान्यात
रविवारच्या ऐन गर्दीत
तर्रीचं पातेलं कलंडलं
सगुणाबाई मोगलांच्या हातावर, कोपरापासून खाली.

कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद,
मालक बर्फ घेऊन धावला.
माझं शिक्षण एका दुपारचं,
गायधनी सिस्टरांनी शेडमध्ये शिकवलं तेवढं.
म्हटलं, काही लावू नका. नळ सोडा.

आणि बांगड्या. सूज चढली की रुततील.
"फोडू का?" माझ्या तोंडून गेलं.
कळवळत होती, तरी म्हणाली,
"फोडू म्हणू नये गं. वाढवू म्हणावं."
मग पंज्याला साबण लावून सरकवल्या एकेक,
सातही अख्ख्या.

वीस मिनिटं धार धरायची.
वीस मिनिटं एवढी लांब असतात
हे सिस्टर बोलल्या नव्हत्या.
बाहेर नऊ नंबर पाव मागत होता.
"धरणाचं पाणी फुकट घालवतेस," ती म्हणाली.
थरथरत होते ते माझे हात.

फोड आले. आम्ही हात लावला नाही.
स्वच्छ ओलं फडकं सैल टाकून
रिक्षा सिव्हिलकडे निघाली,
तेव्हा ती मागे वळून ओरडली,
"सात आहेत हां! मोजून ठेव."