दोनेक पानं

विश्रामबागेतले उगारे सर म्हणाले,
सुरुवात चांगली आहे बाई.
टेलिफोन एक्स्चेंजचा जिना, कानावरचा जड हेडफोन,
सगळं दिसतं.
पण तुम्ही आलात कुठून?
मागचं थोडं टाका. दोनेक पानं.

भाजीवाली विचारते तसं,
कोथिंबीर टाकू का थोडी.

मी हरिपूरची. हे झालं एक वाक्य.
रोज सायकलनं सांगलीला यायचे, चिंचांच्या सावलीतून. दुसरं.
वडील हळदीच्या पेवांवर हमाल होते. तिसरं.
इथे थांबता येतं.
वाचणारा मान हलवून पुढे जाईल,
थेट त्र्याहत्तर साली, स्विचबोर्डवर,
जिथे मला तो हवाय.

पण पेव म्हणजे काय, ते सांगावं लागणार.
नातू म्हणाला, पेव फुटतं ना आजी, क्लासेसचं?
फुटतं बाबा. पण आधी ते भरावं लागतं.
जमिनीत वीसेक फूट, तोंड माणूस मावेल एवढंच,
पोट मोठं.
आत शेकडो पोती हळद, वरून माती लिंपलेली.
उघडलं की लगेच उतरायचं नाही.
कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील तगला तर माणूस.

इथवर माहिती. माहिती लिहिताना हात अडत नाही.

मी नऊ वर्षांची, भाकरी घेऊन गेलेली.
ट्रक उभा होता. दिवाणजी सारखा घड्याळ बघत होता.
कंदील वर आला तो विझलेला.
आप्पा म्हणाले,
वाऱ्यानं इझला आसंल.
दस्तगीरचाचांनी दोरी कमरेला बांधली,
माझ्या फडक्यातला कांदा उचलून बघितला, परत ठेवला.
ह्यो माझा. वर आल्यावर खातो.

आता पुरतील दोन पानं?
कारण मग हुसेनबी येणार,
तिच्या उंबऱ्यावर दर गुरुवारी आप्पांनी ठेवलेली पिशवी येणार,
आणि उंबरा कधीच न ओलांडलेले आप्पा.
पोरीला माडीवरची नोकरी पाहिजे,
जमिनीच्या वर, एक मजला का होईना,
असं जो तो भेटेल त्याला सांगणारे आप्पा.
सरांना आवडलेला जिना
तिथून सुरू होतो.

चारदा लिहिलं.
एकदा बावीस पानं झाली, त्यात महापूरही शिरला.
पूर माझा नव्हता, काढून टाकला.
आजोळ काढलं. माझा गोवर काढला.
एकदा ओळभरच: वडिलांच्या कामात जोखीम असे.
ही ओळ वाचून तर
आपणच आपल्याला सरकारी पत्र पाठवल्यासारखं वाटलं.

सगळं लिहावं, तर आप्पा त्या एका वाक्याएवढेच उरतात.
आणि ते वाक्य ऐकलेली आता मी एकटी.
चाचांचा नातू झाकीर मार्केट यार्डात सौद्यांना असतो,
दिवाळीत फराळाला येतो.
त्यांच्या घरात इतकंच माहीत आहे की
हवा लागली.

ट्रंक कॉल लावून माणसं
पहिली दोन मिनिटं पाऊसपाणी विचारायची.
तिसऱ्यात सांगायची, म्हातारी गेली.
मग मला मध्ये बोलावंच लागायचं, नियम होता.
तीन मिनिटं झाली, वाढवायची?
कवडी कवडी मोजणारेसुद्धा हो म्हणायचे.
आणि वाढवून कुणी काही बोलायचंच नाही.
तारेतली खरखर नुसती.
तिचेही पैसे लागायचे.

आज पहाटे कंदील लिहिला.
आप्पांचं वाक्य त्यांच्याच बोलीत ठेवलं.
त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं,
तेही लिहिलं.
कांद्यापाशी थांबले.

दुपारी झाकीरला फोन केला.
ये जमलं तर, एक वाचून दाखवायचंय,
छापायला देण्याआधी.
केवढं आहे, आत्या?
दोनेक पानं, म्हटलं.
तो म्हणाला, सौदे उरकले की आलोच.